सीटला ठाऊक असलेलं दुखणं

मी सायकलची सीट बोलतेय. हो, सीटच! लोक घंटीचं कौतुक करतात, माझ्यावर नुसते बसतात. पण आज मी बोलणारच, कारण जे पाहिलं त्यानं माझं धाबंच दणाणलंय.

आमचा दयाराम सोनाळ्याचा, निवृत्त पोस्टमन, वय एकसष्ट. शुगर निघाली म्हणून त्याच्या मुलीनं, समतानं, नवी सायकल घेऊन दिली. समता नर्स आहे. सायकलवर मी: चिंचोळी, कडक. माझा तोरा काय विचारता! बसल्यावर पुढं घसरतो म्हणून दयारामनं पान्यानं माझं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर केलं. मला वाटलं, वा, मान ताठ झाली!

रोज सकाळी सोनाळा ते टुनकी आणि परत. महिनाभरातच तो चुळबुळ करू लागला. उतरला की पाय झटकायचा, "मुंग्या येऊन राह्यल्या" म्हणायचा. मुंग्या पायाला नव्हत्याच हो! नको तिथं होत्या, आणि ते मलाच ठाऊक. पुढं तो वाटेत तीनतीनदा बाभळीमागं जाऊ लागला. तिथंही थेंब थेंब. मग या शहाण्यानं तोड काय काढावी? पाणी पिणंच सोडलं! बायको, जनकाबाई, तांब्या पुढं करायची, तर म्हणे, "तहान नाही मले."

असे आठ महिने. बायकोला सांगितलं नाही, आणि मुलीपुढं असलं बोलायचं कसं?

मग गेल्या महिन्यात तो बाभळीमागं गेला, तो अर्धा तास आलाच नाही. आला तेव्हा पोट धरून वाकलेला, घामानं डबडबलेला. माझ्यावर बसताच किंचाळला. माय वं! एवढा बाप्या माणूस असा किंचाळतो? शेजारच्या शेतातून झुंबरबाई धावत आली, तिनंच समताला फोन लावला.

दवाखान्यात नळी घालून लघवी काढली. पुढचं मी ओसरीवर ऐकलं. जनकाबाई पाना घेऊन माझ्यावर धावली, "या सीटनंच घात केला!"

"आई, थांब," समता म्हणाली. "बाबाची प्रोस्टेट ग्रंथी वाढली अन् लघवी अडली, ते वयानं. पण मुंग्या हिच्यापायीच. नाक वर केलेली चिंचोळी सीट खालच्या नसा दाबते. सीट रुंद पाह्यजे, सपाट पाह्यजे, अन् दर दहा मिनटाले पायडलवर उभं राह्यलं पाह्यजे." मग बापाकडं वळली. "बाबा, मी नर्स हाओ ना? मले काऊन नाही सांगतलं?"

दयारामनं जनकाबाईच्या हातातला पाना काढून घेतला. मी तर गारच पडले. ज्या नाकाचा मला एवढा गर्व, तेच त्याला छळत होतं!

दुसऱ्या दिवशी मला सायकलवरून काढलं. वाटलं, आता भंगारात. पण दयारामनं मला चहाच्या टपरीवर नेलं, बाकावर ठेवलं आणि मित्रांपुढं सगळं बोलून टाकलं. मुंग्या, थेंब, नळी, सगळं! सगळ्यांत मोठ्यानं हसला तो त्याचा जुना दोस्त महादेवराव. "काही लाज हाय का बे तुले? चहा नासवला!"

हसून हसून सगळे पांगले. महादेवराव तेवढा रेंगाळला. मला हातात घेऊन उलटंपालटं केलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "काऊन बे, नळी टाकताना लई दुखते का?"

दयाराम हसला नाही. म्हणाला, "किती महिने झाले तुले?"

महादेवराव मला मांडीवर घेऊन बाकावर टेकला. बोल रे बापा, बोल लवकर!