अण्णांच्या खोलीतला रडका एसी

चार वाजायला पाच मिनिटं होती आणि अण्णांच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. पलंगावर, दारात, पार जिन्यापर्यंत माणसंच माणसं. महिन्यापूर्वी अण्णा गेले आणि आता त्यांचा एसी रडतो, ही बातमी गल्लीभर झाली होती.

भिंतीवरच्या त्या एसीला वरपासून खालपर्यंत पांढरं कापड गुंडाळलं होतं. आत्म्याला दृष्ट लागू नये म्हणून, असं घरी बोलावलेल्या शीतल महाराजांचं म्हणणं. महाराजांनी बरोबर चारला रिमोट उचलून एसी बंद केला आणि डोळे मिटले.

"बोला अण्णासाहेब, कसलं दुःख आहे?"

थोड्या वेळाने कापडाच्या कडेवरून एक थेंब टपकला. मग दुसरा. मग धारच लागली. पुढच्या रांगेतले दोघेतिघे हुंदके देऊ लागले.

"लेक घर सोडून चालली, म्हणून बाप रडतोय," महाराज म्हणाले. "रडं थांबेपर्यंत तिने या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही."

ती लेक, घरातली धाकटी, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. परगावच्या इस्पितळात तिला नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि आज शुक्रवार. गर्दी पांगली की तिचा मोठा भाऊ बाहेरून कडी घालायचा.

"दादा, खिडकी तरी उघड."

"महाराज नको म्हणालेत. आणि एसी आहे की."

एसी कसला, डोंबलाचा! दिवसभर नुसता घरघरायचा, वारा फुंकरभरही नाही. आपल्याच घरात आपल्याच माणसांनी कोंडावं याचा तिला संताप येत होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. दादाशी भांडता आलं असतं. पण आई ताट आत ठेवताना म्हणायची, "त्यांच्यासाठी एवढं कर गं," आणि तिची जीभच उचलायची नाही.

शनिवारी सकाळीच उकाडा असह्य झाला. ती खुर्चीवर चढली, कापड ओढून काढलं आणि एसीचं झाकण उघडलं. आतल्या जाळीवर धुळीचा आणि धुपाच्या काजळीचा गोधडीएवढा थर. जाळीमागे बोटभर जाड बर्फ.

आता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जाळी तुंबलेली, त्यावर कापड, म्हणजे हवा आत जाणार कुठून? गारवा आतच कोंडून त्याचा बर्फ होत होता. चारला एसी बंद केला की बर्फ वितळायचा आणि नळीत न मावलेलं पाणी खोलीत सांडायचं. झाले अण्णांचे अश्रू!

तिने एसी बंद करून सगळा बर्फ वितळू दिला, खोलीतल्याच न्हाणीघरात जाळी खसखसून धुतली आणि एसी पुन्हा लावला. दुपारपर्यंत खोली गार पडली. चारच्या जरा आधी तिने कापड होतं तसं गुंडाळून ठेवलं. चार वाजले, माणसं जमली, एसी बंद झाला. थेंब नाही.

महाराज जराही गडबडले नाहीत. "पाहिलंत? लेक थांबली, बाप शांत झाला. ती गेली की पुन्हा रडेल."

दादाने मान डोलावली. ही तर आगीतून फुफाट्यात! गर्दी पांगायच्या आत तिने शेजारच्या काकांना गाठलं.

"काका, उद्या अकराला तुमच्या एसीला असंच कापड गुंडाळून तो चालू ठेवा आणि चारला बंद करा. तोही रडेल."

"आमच्याकडे कोण गेलंय? आमचे आजोबा ठणठणीत आहेत."

"म्हणून तर."

रविवारी चारला ती कडीबंद खोलीत भिंतीला कान लावून बसली. काकांनी महाराजांसकट सगळ्यांना आपल्याकडे बोलावलं होतं; पलीकडे गर्दी चिडीचूप होती. मग नव्वदीच्या आजोबांचा खणखणीत आवाज आला.

"अरे, मी तर इथे बसलोय. मग हे कोण रडतंय?"

हशाने भिंत हादरली. महाराज यंत्रातल्या बिघाडाबद्दल काहीतरी पुटपुटले, पण ऐकायला कोण थांबतंय!

कडी आईने काढली. ती आत येऊन पलंगावर बसली.

"मला वाटलं होतं, ते अजून इथे आहेत."

धाकटीला रडू आवरेना. "आई, अण्णा गेले. रडायचं तर आपण दोघी रडू, यंत्राला कशाला रडवायचं? यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी झाकण उघडून बघायचं. आणि त्याच्या शब्दावर कुणाला कोंडायचं नाही."

आईने डोळे पुसले आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

"गाडी कितीची आहे?" तिने विचारलं.