कागदावरची अद्रक

देश कोणाच्या जिवावर चालतो, हे शिवराज गायकेला कुणी विचारलेलं नव्हतं. तरी तो ते रोज सकाळी सांगायचा. विद्यापीठाच्या आवारात तीन फेऱ्या मारून झाल्या की चार-पाच जणांची मंडळी झाडाखालच्या ओट्यावर टेकायची, कारल्याचा रस प्यायची आणि वरून शिवराजचं भाषण पचवायची.

"वरचे बडे लोक पळवाटा काढतात, खालचे काही भरतच नाहीत. टॅक्स भरून भरून कंबरडं मोडतं ते आपलं."

निवृत्त प्राध्यापक काकासाहेब मान हलवायचे. त्यांचा कर पेन्शनमधूनच परस्पर कापला जायचा, त्यामुळे कुरकुर करायचा त्यांना हक्क होता. शिवराजला तो कुठून मिळाला, हा प्रश्न त्या ओट्यावर कुणाला पडला नाही. खुद्द शिवराजलाही पडला नाही, आणि तो स्वतःला मोठा चौकस समजायचा.

औरंगपुऱ्यात त्याचं फरशी आणि नळ-बेसिनचं दुमजली दुकान होतं. शेजारचे तीन गाळे त्यानं भाड्यानं दिले होते. सिडकोत बंगला होता. पण श्रीमंत म्हटलेलं त्याला खपत नसे. श्रीमंती नेहमी त्याच्या पुढच्या घरापासून सुरू व्हायची. तो भाड्याच्या खोलीत होता तेव्हा फ्लॅटवाले श्रीमंत होते, फ्लॅटमध्ये गेला तेव्हा बंगलेवाले, आणि बंगला झाल्यावर ज्यांच्या बंगल्याला लिफ्ट आहे ते.

"अहो, आपल्याकडे दोन गाड्या आहेत," बायको तनुजा एकदा म्हणाली होती.

"त्यातली एक जुनी आहे," शिवराज म्हणाला, आणि तो विषय त्यानं तिथंच मिटवला.

आता त्याच्या शेतीविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथंच आहे. लासूर स्टेशनजवळ त्याची वडिलोपार्जित सहा एकर जमीन होती. मुरमाड रान, फेब्रुवारीत तळ दाखवणारी विहीर. सखाराम नावाचा साठीतला गडी ती जमीन निम्म्या बटईनं करायचा, म्हणजे आलेल्या मालातला अर्धा त्याचा, अर्धा मालकाचा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, हे सगळ्या देशाला माहीत आहे. शिवराजला ते जरा जास्तच माहीत होतं. दुकानात जे गिऱ्हाईक बिलाशिवाय रोख मोजून जायचं, त्याचे पैसे कागदावर कुठून तरी उगवायला हवे होते. ते त्या मुरमाड रानात उगवायचे. मागच्या साली तर पावसानं पाठ फिरवली, विहीर आटली, आणि त्याच सहा एकरांत अडतीस लाखांची अद्रक पिकली.

आयकर खात्याची नोटीस आली तेव्हा शिवराज तिच्याकडे बराच वेळ परक्याचं पत्र चुकून आल्यासारखा बघत राहिला. शेतीच्या उत्पन्नाचे पुरावे सादर करा, एवढंच तिच्यात होतं. तो तडक त्याच्या करसल्लागाराकडे, अभयकडे गेला. दोन जिने चढता चढताच त्याला घाम फुटला होता.

"अद्रकच का लिहिलीस रे बाबा?" त्यानं बसायच्या आधी विचारलं.

"त्या साली भाव होता अद्रकीला," अभय शांतपणे म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होता, काहीही कर पण रक्कम बसव. बाजरीत अडतीस लाख बसवायला अख्खा तालुका पेरावा लागला असता."

मग अभयनं सातबारा पुढं सरकवला. त्यावर पीक होतं कापूस आणि थोडा मका. अद्रकीचं नाव नव्हतं.

"हे कोणी भरलं?" शिवराज ओरडला.

"आता मोबाईलवर पीक पाहणी भरतात, दादा. शेतात उभं राहून पिकाचा फोटो टाकावा लागतो. नोंदीसाठी जमीनमालकाच्या नंबरवर कोड येतो. तो तुम्हीच दिला असणार."

शिवराजला लख्ख आठवलं. सखारामच्या पोरीचा, रूपालीचा फोन आला होता तेव्हा तो ओट्यावर होता. बड्या लोकांच्या पळवाटांवर ऐन रंगात आला होता. बोलणं तुटू नये म्हणून त्यानं कोडाचे चारही आकडे घाईघाईनं वाचून दाखवले होते आणि पुन्हा पळवाटांकडे वळला होता. आपल्याच पळवाटेला आपण कुलूप लावलं आणि किल्लीही फोनवरून देऊन टाकली, हे लक्षात आल्यावर त्याला अभयच्या देखत हसू आलं. ते काही आनंदाचं हसू नव्हतं.

"आता एकच इलाज," अभय म्हणाला. "जो शेत कसतो त्याचं शपथपत्र. कापसाची नोंद चुकून झाली, शेतात अद्रकच होती, एवढ्या रकमेची होती. बाजारातल्या पावत्यांचं मग मी बघतो. हे नाही जमलं तर कर, व्याज, दंड मिळून पंचवीस लाखांच्या पुढं जाईल."

पंचवीस लाख ऐकल्यावर शिवराज मनात खर्च मोजायला लागला. मुलगी श्रेया पुण्यात शिकत होती, दुसऱ्या दुकानासाठी जागा बघून ठेवली होती. आपल्यासारख्या साध्या माणसाच्या मागं सरकार का लागतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. वाईट याचं की ते खरंच मनापासून होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लासूर स्टेशनला निघाला. सोबत मजकूर छापलेला स्टँपपेपर, पेढ्यांचा पुडा आणि सखारामच्या बायकोसाठी, मनकर्णाबाईसाठी एक साडी. साडी तनुजाच्या कपाटातली, न वापरलेली होती. आजवर तो सखारामला 'ए सखाराम' म्हणत आला होता. त्या दिवशी शेताच्या बांधावर गाडीतून उतरल्या उतरल्या त्याच्या तोंडून आलं, "काय सखारामभाऊ, तब्येत कशी आहे तुमची?"

सखारामनं मागं वळून पाहिलं. आपल्या मागं आणखी कुणी सखारामभाऊ उभा असेल असं त्याला वाटलं असावं.

"बरी हाय की, दादा. काहून, काय झालं?"

कापसाची वेचणी चालली होती. सगळे लिंबाच्या सावलीत बसले. मनकर्णाबाईनं थर्मासमधला चहा दिला. साडी बघून ती म्हणाली, "आता गं बया, ही कशापाई?" आणि तिनं ती मांडीवर घेतली नाही, बाजूला पिशवीवर ठेवली. रूपाली सुट्टीला घरी आलेली होती. ती शहरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि आईबरोबर वेचणी करत होती.

"एक सही पाहिजे होती," शिवराज सहज बोलल्यासारखं म्हणाला. "सरकारी कामाची. नुसती फॉरमॅलिटी."

"देतो की," सखाराम म्हणाला. "वाच गं रूपे. माझा चष्मा घरी हाय."

रूपालीनं कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली. मी सखाराम अमुक अमुक, शपथेवर लिहून देतो की, सदर जमिनीत मी अद्रकीचे पीक घेतले असून, त्यापासून रुपये अडतीस लाख उत्पन्न झाले. कापसाची नोंद नजरचुकीने झालेली आहे. ती वाचत होती आणि शिवराज समोरच्या बोरीकडे बघत होता. त्या बोरीत इतकं बघण्यासारखं काही नव्हतं.

सखाराम आधी हसला. पार ठसका लागेपर्यंत हसला.

"कुठल्या रानात पिकली, दादा? मलाबी दाखवा की एकदा. ह्या मुरमात अद्रक?"

"कागदावर रे... कागदावर, सखारामभाऊ."

"नजरचुकीनं नाय झालेली, काका," रूपाली म्हणाली. "मी फोटो काढून टाकलाय. फोटोत कापूसच हाय."

मग सखारामचं हसू हळूहळू ओसरलं. तो काहीतरी जुळवत होता. "दादा," तो म्हणाला, "आपलं रान निम्म्यानं हाय ना?"

शिवराजला वाटलं, झालं. आता हा एकोणीस लाख मागणार. अडतीसचे निम्मे एकोणीस, हा हिशेब त्यानं गाडी बांधावर लावायच्या आधीच करून ठेवला होता आणि त्यावर वीस हजारांचा उतारा खिशात आणला होता. त्यानं पाकीट काढलं. "तुमची मेहनत फुकट नको जायला, हे घ्या."

सखारामनं पाकिटाला हात लावला नाही.

"पैशाचं नाय म्हणत मी. ह्याच्यावर मी सही केली, म्हंजी निम्मी अद्रक माझीबी झाली का नाय? एकोणीस लाखाचा मी मालक झालो का नाय?"

"कागदावर. तुमच्या खिशाला काय धक्का?"

यावर रूपाली बोलली. आवाज चढवला नाही, फक्त कागद घडी घालून परत त्याच्या पुढं ठेवला. "काका, माझी फी शिष्यवृत्तीतून जाते. त्याला बाबांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पंचावन्न हजाराचा हाय. आता एकोणीस लाख झाल्यावर मला कॉलेजात कोण ठेवील?"

"फी मी भरीन," शिवराज पटकन म्हणाला. नर्सिंगची उरलेली फी पंचवीस लाखांपेक्षा कितीतरी कमी आहे, हे त्याच्या डोक्यात बोलायच्या आधी येऊन गेलं होतं. असल्या बाबतीत त्याचं डोकं कधी मागं राहत नसे.

"अन् रेशन?" सखारामनं विचारलं. "घरकुलाच्या यादीत नाव हाय, त्याचं काय? परवा कुणी म्हणालं, सखाराम लखपती झाला, तर मी कुठं कुठं सांगत फिरू की ही अद्रक नव्हतीच म्हणून?" त्यानं कागदाकडे बोट केलं. "दादा, तुम्हाला कागदावर काहीबी होता येतं. दुकानात गेले की व्यापारी, साहेबापुढं शेतकरी. आम्हाला नाय परवडत तसं. आम्ही कागदावर एकदा श्रीमंत झालो ना, की उपाशी मरू."

शिवराजनं मान खाली घातली. पण त्या क्षणी तो शरमला होता असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. तो चिडला होता. पेढे आणले, साडी आणली, भाऊ म्हटलं, आणि हा माणूस साधी सही करत नाही! उन्हाची तिरीप तोंडावर येत होती, त्याचाही राग त्याला सखारामचाच आला.

"मग मी काय करू ते सांगा," तो जवळपास ओरडला. "पंचवीस लाख भरायचेत मला. पंचवीस लाख! कुठून आणू? दरोडा घालू?"

मनकर्णाबाईनं घाबरून त्याच्याकडे बघितलं. सखारामनं बायकोकडे पाहिलं, मग बांधाशेजारी रचलेल्या कापसाच्या गाठोड्यांकडे. शिवराजचा आवाज त्यानं आजवर असा ऐकला नव्हता. मालक खरोखर बुडायला लागला आहे, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "इतकं आसन तर औंदाचा माझ्या वाट्याचा कापूस ठिवून घ्या. दहाएक क्विंटल व्हईल. आमचं काय, पोरीची फी हाय सरकारची, रेशन हाय, निघन साल. तुमचं तेवढंच जरा हलकं व्हईल."

मनकर्णाबाईनं मान हलवली. म्हणजे, हो, घ्या.

आणि आता जे सांगायचं आहे, ते शिवराजनं पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही. तनुजालाही नाही. दहा क्विंटल म्हटल्यावर त्याच्या मनात, त्याला न विचारता, आपोआप आकडा उमटला. सात हजारानं सत्तर हजार.

तो आकडा उमटला आणि शिवराज बसल्या जागी गार झाला. सहा महिने उन्हात राबलेला माणूस, वर्षाचं सगळं पीक, बायकोच्या होकारासकट पुढं करतो आहे, आणि आपण भाव लावतो आहोत. सिडकोत बंगला, तीन गाळे, दोन गाड्या आणि त्यातली जुनी असलेली ती एक. आयुष्यात कुणी त्याला असं उघडं पाडलं नव्हतं, आणि इथं तर पाडणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. सखाराम त्याच्याकडे काळजीनं बघत होता. ती काळजी खरी होती, आणि तीच शिवराजला सोसवेना.

"नाही," तो म्हणाला. "नाही, सखारामभाऊ. तुमचा कापूस तुमच्याकडेच राहू द्या."

या वेळचं 'भाऊ' त्यानं ठरवून म्हटलेलं नव्हतं.

तो उठला. स्टँपपेपर खिशात कोंबला. मनकर्णाबाईनं बाजूला ठेवलेली साडी आणून त्याच्या हातात दिली, "वहिनींची हाय ना, त्यांना ऱ्हाऊ द्या," म्हणाली, आणि त्यानं ती मुकाट घेतली. तिला कसं कळलं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

गाडीत बसून त्यानं काच वर केली आणि अभयला फोन लावला.

"सही झाली?" अभयनं विचारलं.

"नाही. ती अद्रक काढून टाक."

"कुठली?"

"जी लावलीच नव्हती ती. दुकानाचे पैसे आहेत, दुकानाचेच दाखव. जो काही कर निघेल, दंड निघेल, तो भरू."

अभयच्या पंधरा वर्षांच्या धंद्यात असं वाक्य बहुतेक पहिल्यांदाच त्याच्या कानावर पडत होतं. "दादा, बरं आहे ना तुमचं? पंचवीस लाखांच्या पुढं जाईल. एवढे आणणार कुठून?"

शिवराजनं काचेतून बाहेर बघितलं. सखाराम, मनकर्णाबाई आणि रूपाली पुन्हा ओळीत वाकून कापूस वेचायला लागले होते. मधूनच सखाराम कमरेवर हात ठेवून गाडीकडे वळून बघत होता, दादा सुखरूप आहे ना, म्हणून.

"आणायचे कुठून काय, अभय," शिवराज म्हणाला. "माझ्याकडे आहेत."