बाप वजा जाता

आमचा मुख्य कोच हार्लन प्रेविट पोराच्या घरी गेला की पोराकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी बापाचे खांदे, मग आईची मनगटं, घरात आजोबा असतील तर त्यांच्या बुटांचा नंबर. सतरा वर्षांचं पोर म्हणजे अर्धवट बांधलेलं घर, नकाशा बघायचा तर बापाच्या अंगावर बघा, असं तो प्रत्येक नव्या साहाय्यकाला ऐकवतो. मी कोनेका स्टेट कॉलेजात पोरांचं मूल्यमापन करायला लागले तेव्हा मलाही ऐकवलं. मी म्हटलं, कोच, मी घरं नाही बघत, खेळ बघते. तेव्हापासून आमचं छान जमतं, म्हणजे रोज भांडण होतं.

माझं काम सोपं आहे असं सगळ्या अलाबामाला वाटतं. शाळकरी पोरांच्या फुटबॉलमधलं, म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलमधलं, ज्याला कळत नाही असा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. न्हाव्याला कळतं, पाद्र्याला कळतं, माझ्या दातांच्या डॉक्टरला तर माझ्या तोंडात हात घातल्यावरच जास्त कळतं. डिसेंबरातल्या एका बुधवारी पोरं कॉलेजच्या करारावर सह्या करतात आणि त्याच संध्याकाळी रेडिओवर कोणी आमच्या नव्या तुकडीला डोक्यावर घेतो, कोणी पायाखाली तुडवतो. पोरांनी अजून कॉलेजचा उंबरठाही ओलांडलेला नसतो. मी वर्षभर त्यांच्या सामन्यांची चित्रणं मागेपुढे करत बघते, डोळे चुरचुरेपर्यंत, आणि प्रत्येकाबद्दल माझं मत देते. ते चुकलं तर आम्ही पुढच्या वर्षी दुसरं पोर आणतो. त्या पोराची चार वर्षं मात्र गेली ती गेली.

यंदा तुकडी जवळजवळ भरली होती. मोबील शहरातला एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा गडी होता, ज्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याची आईच द्यायची. दोन जुळे भाऊ होते, त्यातला एकच आम्हाला हवा होता, पण सुटा मिळत नव्हता. शिष्यवृत्तीची शेवटची एक जागा उरली होती, ती डाव्या टोकाची. क्वार्टरबॅकला मागून कोणी आडवं पाडू नये म्हणून तिथे भिंतीसारखा गडी लागतो, निदान तीनशे पौंडांचा. प्रेविटच्या डोळ्यांत भरला होता डॅरियस पेटवे, लाकडाच्या गिरण्यांच्या एका छोट्या गावातला. उंची उत्तम, वजन सव्वादोनशे. माझं मत मी स्वच्छ सांगितलं होतं: पाय अप्रतिम, डोकं थंड, अंगावर मांस नाही, या जागेसाठी नको.

"मांस आपण चढवू," प्रेविट म्हणाला. "आधी त्याचा बाप तर बघू."

सोमवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. दार उघडलं तर दारात दुसरं दारच उभं. क्लीव्हन पेटवेला घराबाहेर यायला अंग चोरावं लागलं. प्रेविटने त्याचा हात हातात घेतला तो सोडायचंच विसरला.

"या कोच, या बाई. बूट असू द्या पायात," क्लीव्हन म्हणाला.

त्याच्या बायकोने, योलांडाबाईंनी, तळलेले पोर्क चॉप, कॉलर्डची भाजी आणि मक्याचा पाव असा बेत केला होता. "कोच, लाजायचं नाही हं. लाजणारा आमच्याकडे उपाशी जातो," त्या म्हणाल्या. प्रेविट कसला लाजतोय! तो जेवत कमी होता आणि क्लीव्हनला न्याहाळत जास्त.

"पेटवे, या पोराच्या वयाचे होतात तेव्हा कसे होतात हो तुम्ही?"

"मी? काठी होतो काठी. विशीत जो सुटलो तो सुटलोच."

प्रेविटने टेबलावर थाप मारली. "ऐकलंस डेला? काठी होते!" मग डॅरियसकडे वळून, "काय रे, जाणार ना बापावर?"

डॅरियसने क्लीव्हनकडे एकदा बघितलं. "हो सर."

क्लीव्हनने काटा खाली ठेवला. आमच्या ताटांत चॉप तसेच असताना योलांडाबाई केळ्याचं पुडिंग आणायला उठल्या. प्रेविट खुशीत होता, त्याला काहीच दिसलं नाही. मी हात धुवायच्या निमित्ताने आत गेले. बोळात त्यांच्या लग्नाचा फोटो लावला होता. पांढऱ्या सुटातला क्लीव्हन, शेजारी योलांडाबाई, आणि मध्ये बो टाय लावलेलं एक हडकुळं पोर, क्लीव्हनचं एक बोट मुठीत घट्ट धरून.

"चार वर्षांचा होता तेव्हा," माझ्या मागून योलांडाबाईंचा आवाज आला. हातात पुडिंगचं भांडं. "त्याच्याआधी त्याने कुणालाच बाबा म्हटलं नव्हतं."

मी फोटोकडेच बघत राहिले.

"आम्ही लपवत नाही हो," त्या म्हणाल्या. "घरात हा विषय काढायची वेळच कधी आली नाही. कोचना सांगणार तुम्ही?"

"ते माझं काम नाही."

"मग कुणाचं?" असं विचारून त्या पुडिंग घेऊन बाहेर गेल्या. मला त्यांचा रागच आला. खरं म्हणजे राग स्वतःचा आला होता, पण तो दुसऱ्यावर काढणं सोपं जातं.

परतताना गाडीत प्रेविट गात होता. त्याचा आवाज अगदीच भसाडा आहे. "तीनशे दहा होणार पोरगा! तीनशे दहा! तुझं ते मत बदल आता." मी खिडकीबाहेर बघत बसले. मी बोलले तर पोराचं कॉलेज गेलं, कारण दुसऱ्या कुठल्याही मोठ्या कॉलेजने त्याला विचारलेलं नव्हतं. गप्प बसले तर काय होतं तेही मी बघितलंय. वजन वाढत नाही म्हणून पोराला दिवसभर कोंबून कोंबून खायला घालतात, ते बिचारं मागच्या बाजूला जाऊन ओकतं, रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहतं आणि आकडा बघून मान खाली घालतं. दोन वर्षांनी गुडघे जातात, मग जागा जाते. अशा दोघांना मी स्वतः घरी जाण्याच्या बसमध्ये बसवून आलेय.

मंगळवारी सकाळी प्रेविटच्या खोलीत फळ्यावर त्याने शेवटच्या रिकाम्या जागी "पेटवे" नावाची पट्टी लावली आणि दोन पावलं मागे जाऊन कौतुकाने बघितलं. आता बोलायचंच असं ठरवून मी "कोच" एवढं म्हटलं, तेवढ्यात बाहेर बसणाऱ्या सेक्रेटरीबाईंनी दार ढकललं. पेटवे भेटायला आलेत म्हणाल्या.

क्लीव्हन गिरणीतून तसाच आला होता, दंडांवर भुसा. प्रेविट खूश झाला. "या, या! बसा. तुम्हाला खुर्च्या दोन लागतील."

तो हसला नाही, बसलाही नाही. "कोच, काल तुम्ही मला बघून माझा पोरगा पसंत केलात. तर सांगायला आलोय, तो माझ्या रक्ताचा नाही."

प्रेविटने हळूच विचारलं, "त्याचा तो... कसा होता अंगाने?"

"माझ्या काखेत मावेल एवढा. पाव पोचवायची गाडी चालवायचा. उंची पोराला आईकडच्या मामांची आलीय. रुंदी कुणाकडूनच यायची नाही."

"मग ही जागा मला त्याला देता येत नाही, पेटवे."

"माहीत आहे. म्हणून तर वाटेत एकदा गाडी परत वळवली होती."

प्रेविट उठला आणि त्याने फळ्यावरची पट्टी काढली. काढली ती खाली ठेवली नाही, हातातच धरून राहिला. "तुम्ही गप्प बसला असतात तरी चाललं असतं," तो म्हणाला. "मला कळेपर्यंत पोराची दोन वर्षं तरी फुकटात झाली असती."

"झाली असती की. आणि रोज सकाळी तुम्ही त्याला काट्यावर उभं केलं असतंत." क्लीव्हनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रोज सकाळी तो काटा माझ्या पोराला सांगत बसला असता, तू पेटवेचा नाहीस, तू पेटवेचा नाहीस. मी ते त्याला घरात कधी जाणवू दिलं नाही, कोच. आता तुमच्या काट्याकडून ऐकवू?"

मी उगाच फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. क्लीव्हन दाराशी गेला आणि वळला. "मला वजा करा," तो म्हणाला, "आणि मग पोरात काय उरतं ते एकदा बघा. काही उरत नसेल तर तसं सांगा. आम्हाला राग येणार नाही." गिरणीची पाळी होती, तो निघून गेला.

मी न विचारता डॅरियसचं चित्रण लावलं. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यातलं, चिखलातलं. आपल्यापेक्षा वजनाने दीडपट पोराला तो ढकलतच नव्हता. त्याच्या आधी जागेवर जाऊन उभा राहत होता, प्रत्येक वेळी.

"पुन्हा लाव," प्रेविट म्हणाला.

मी पुन्हा लावलं. त्याने खुर्ची पुढे ओढली. या पोराचा खेळ तो पहिल्यांदाच बघत होता असं मी म्हणणार नाही, पण बाप डोळ्यांपुढे नसताना पहिल्यांदाच बघत होता.

"भिंत करू नका त्याला," मी म्हटलं. "टाइट एंडला खेळवा. थोडं अडवायचं, थोडं पळून झेलायचं. आहे त्या अंगावर जमेल."

"त्या जागेला दोन पोरं आहेत आपल्याकडे."

"आहेत. एकाला झेलता येतं, अडवता येत नाही. दुसऱ्याला दोन्ही येत नाही."

"आणि डावं टोक?"

"उघडं राहील. रेडिओवाले शिव्या घालतील."

"मला की तुला?"

"तुम्हाला. पगार तुम्हाला जास्त आहे."

तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. दुपारच्या बैठकीत डाव्या टोकावरून साहाय्यकांनी आरडाओरडा केला. एक तर म्हणाला की तुकडीचं वाटोळं झालं. प्रेविटने सगळ्यांना बोलू दिलं आणि मग पट्टी टाइट एंडच्या रकान्यात लावून टाकली. पोरं शाळेतून घरी पोचायच्या वेळेला त्याने मला आत बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि पेटव्यांच्या घरी फोन लावला, आवाज मोठा करून.

"डॅरियस, मी प्रेविट. वजन किती तुझं?"

"सव्वादोनशे, सर."

"खरं सांग."

"दोनशे अठरा."

"बरं. दोनशे अठराचाच ये. टाइट एंड खेळायचंस. तुला कोणी फुगवणार नाही, हा माझा शब्द. उद्या सही कर."

मला वाटलं आता ओरडेल, आईला हाक मारेल. बहुतेक पोरं तेच करतात. याने उलट प्रश्न विचारला.

"सर," तो म्हणाला, "बाबा आज तुमच्याकडे आले होते ना? ते नक्की काय म्हणाले?" मग लगेच, "मी त्यांचा नाही असं म्हणाले का?"

प्रेविट माझ्याकडे बघायला लागला. अशा वेळी तो नेहमी बोलायचं काम माझ्यावर ढकलतो. मी मान हलवली, नाही म्हणून. हे त्याचं त्यानेच निस्तरायचं होतं. त्याने घसा साफ केला.

"माझा पोरगा म्हणाले," तो म्हणाला. "आले तेव्हाही म्हणाले आणि जातानाही. माझा नाही असलं काही मी ऐकलं नाही. आणि मला अजून नीट ऐकू येतं."

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग मागून क्लीव्हनचा तो दणदणीत आवाज, "काय रे? काय म्हणतायत कोच?"

"काही नाही, बाबा," डॅरियस म्हणाला. "वजन विचारतायत."