नाण्याएवढी खूण

कपड्यांच्या घड्या घालता घालता निरीक्षकांची बायको म्हणाली, "या वर्षी मिश्र दुहेरीत माझं नाव देऊ नकोस," आणि पुढचा टॉवेल उचलला.

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. दुकानांतले काटे तपासायचे, खोट सापडली की नोंदवायची, हा बावीस वर्षांचा शिरस्ता. बायकोच्या नकारातली खोटही त्यांनी तिथल्या तिथे शोधून काढली: रॅकेट! त्यांच्या स्वतःच्या अकरा रॅकेटी होत्या आणि प्रत्येकीचं वजन, तोल, दांड्याचा ताठपणा यांचा त्यांनी तक्ता केला होता. त्या तक्त्यात बायकोची एकुलती एक जुनी रॅकेट अगदी तळाला होती, 'निकृष्ट' असा शेरा मिरवत. नऊ वर्षं दोघं क्लबच्या बॅडमिंटन स्पर्धेत जोडीने उतरत होते आणि नऊ वर्षं पहिल्या फेरीतच जोडीने घरी येत होते. असल्या रॅकेटीने कुणाचंही मन उडेल. तिला एक चांगली, पुढे जड, खणखणीत रॅकेट घेऊन दिली की झालं. नावं द्यायची मुदत शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत होती.

शनिवारी तीन वाजता ते बाराही रॅकेटी पाठीवर टाकून रॅकेटींना तारा घालून देणाऱ्या गटिंगवाल्या मावशींकडे गेले. मावशींचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधे उरलेली जागा. एक दिवा, तारा ताणायचं एक यंत्र, आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेल्या रॅकेटी.

"मावशी, पुढे जड अशी एखादी उत्तम दाखवा. हा घ्या तक्ता."

मावशींनी तक्ता घेतला, त्याची चौकोनी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. "आता बसा, साहेब. द्या एकेक."

मावशींनी डोळे मिटले. पहिली रॅकेट एका बोटावर आडवी धरली. रॅकेट किंचित झुकली, विचारात पडल्यासारखी थांबली, स्थिर झाली. "ही पुढे जड. घाव घालणाऱ्याची." दुसरी. "ही मधोमध. धड ना इकडची, धड ना तिकडची, पण गुणी." तिसरी. "ही मागे जड. नेटजवळ झटपट हात चालवणाऱ्याची. हिचा दांडा मात्र तुम्ही एकदा कुठेतरी आपटलाय."

"दाराला," निरीक्षक हळूच म्हणाले.

त्यांनी खिशातून मोजपट्टी काढून चोरून ताडून पाहिलं. अकराच्या अकरा बरोबर. खात्याच्या प्रयोगशाळेत या कामाला काचेच्या पेटीतलं यंत्र होतं आणि त्या यंत्राला दोन मदतनीस होते.

"बोटाला कसं कळतं हो?"

"मला काय ठाऊक! बोटाला विचारा." मावशींनी डोळे उघडले आणि अकराही रॅकेटी दिव्याखाली ओळीने मांडल्या. "आता तुम्ही बघा. पांढऱ्या तारेवर शटलच्या बुचाची मळकट खूण उठते. कुठे उठलीय?"

निरीक्षक वाकले. पहिलीवर खूण खाली, दांड्याच्या बाजूला, जराशी डावीकडे. दुसरीवर तिथेच. तिसरीवर तिथेच. पुढे जड, मागे जड, ताठ, लवचीक, सगळ्यांवर तोच विस्कटलेला, पसरट डाग.

"रॅकेटी अकरा, अक्षर एकच," मावशी म्हणाल्या. "फटका जरा उशिरा आणि जरा लांबून. दुसऱ्याच्या दारात जाऊन मारल्यासारखा."

निरीक्षकांनी बारावी रॅकेट पुढे केली.

ती हातात घेताच मावशी चक्क उभ्या राहिल्या. "अगंबाई! ही कुणाची हो? वर्षातून दोनदा क्लबचा शिपाई आणून देतो. त्याला कधी सांगता येत नाही. पाच महिने झाले हिच्या गटिंगला. बघा."

मधोमध, जिथे शटल लागावं तिथे, एक खूण होती. नाण्याएवढी. तिच्याबाहेर जाळी कोरी करकरीत होती.

निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाच महिने, आठवड्याचे तीन दिवस. हजारो फटके, आणि सगळे एका नाण्यावर. बावीस वर्षांत त्यांनी लाखभर काटे तपासले होते. तसूभरही खोट नसलेले दोनच निघाले, आणि त्यातला एक बंद होता. सरकारसुद्धा काट्याला थोडी तफावत माफ करतं. या बाईने ती मागितलीच नव्हती.

"माझ्या बायकोची आहे," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना देवळात बोलल्यासारखा वाटला.

"मग हे नारिंगी टवके तुमचे." मावशींनी कडेवर बोट फिरवलं. निरीक्षकांच्या लाडक्या रॅकेटीचा नारिंगी रंग तिथे ठिकठिकाणी चिकटला होता. "रॅकेटीवर रॅकेट आपटलीय. पण सगळे जुने, आत मळ बसलेला. दोनतीन वर्षांत नवा एकही नाही."

"म्हणजे मी सुधारलो."

"तुम्ही सुधारलात," मावशी शांतपणे म्हणाल्या, "की त्या हात आखडता घेतात?"

निरीक्षकांना गेल्या मंगळवारचा खेळ आठवला. शटल सरळ बायकोकडे येत होतं. ते "माझं!" म्हणून ओरडत धावले होते, आणि अरुंद जिन्यात समोरच्याला वाट द्यावी तशी तिने रॅकेट अलगद बाजूला घेतली होती. शटल नेटमध्ये गेलं होतं. वर त्यांनी तिला समजावलं होतं, की रॅकेट बदल.

"हिला तीच तार घाला," ते म्हणाले. "तेवढाच ताण."

"आणि नवी रॅकेट?"

"नको."

पावणेसहाला ते बायकोच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पोचले. ती रक्त काढायच्या खोलीत नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

"तुझी रॅकेट पाहिली."

"मोजलीस?"

"नाही गं. पाहिली. तू हात आखडता घेतेस."

तिने हातातली चिठ्ठी नळीवर चिकटवली. "तू 'माझं' म्हणून ओरडतोस ना. पहिल्यांदा भांडले. मग म्हटलं, असू दे तुझं."

त्यांनी अर्ज पुढे केला. "महिला एकेरीत तुझं नाव लिहिलंय. मी बाहेर बसून नुसता बघणार. दुहेरीची ओळ कोरी आहे. तू म्हणशील तसं."

"नेटजवळचं शटल कुणाचं?"

"तुझं."

"आणि मधलं?"

इथे निरीक्षकांना बराच वेळ लागला. "...तेही तुझं."

"अरे, सगळी नकोत, धावून धावून मरेन! मागची तू घे." तिने पेन घेतलं, कोऱ्या ओळीत आधी स्वतःचं आणि खाली त्यांचं नाव लिहून सही ठोकली. "जा आता. सहाला खिडकी बंद होते."

तेवढ्यात एक घाबरलेले गृहस्थ बाही वर करत आत आले. कालच दुसरीकडे चार टोचण्या खाऊनही नस सापडली नव्हती, म्हणाले. तिने त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक बोट ठेवलं. बोट किंचित सरकलं, विचारात पडल्यासारखं थांबलं, स्थिर झालं.

"टोचणार आहात ना?" गृहस्थांनी डोळे घट्ट मिटून विचारलं.

"झालं पण," ती म्हणाली. नळी निम्मी भरली होती.

क्लब दोन गल्ल्या पलीकडे होता आणि हातात बारा मिनिटं होती. त्यातली दोन निरीक्षकांनी अर्ज छातीशी धरून दारातच उभ्याने घालवली.