दुधाचं गाणं

आमच्या शहरात त्या गाण्याला दुधाचं गाणं म्हणतात. ज्या बँडनं ते केलं त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. गाण्यात दूध कुठंच नाही. युद्ध आहे, राख आहे, एक बुडणारं जहाज आहे, आणि मग मध्येच सगळी वाद्यं एकदम थांबतात. दोन श्वास घेता येतील एवढी शांतता. त्यानंतर दोन्ही गिटार अशा कोसळतात की ज्याच्या पोटातलं पाणी कधी हलत नाही त्याचंही हलावं. तर त्या शांततेत आमच्याकडचा माणूस ओरडतो, "दूध उतू गेलं!"

मूळची ओरडणारी बाई म्हणजे माझी आई.

मी शाळेत होते आणि दादा कॉलेजात, तेव्हाची गोष्ट. चौकातल्या कॅसेटवाल्यानं बाहेरून त्या बँडची तबकडी मागवली होती. दादानं त्याच्या इतक्या विनवण्या केल्या की त्यानं ती एका दुपारपुरती उसनी दिली. आमच्याकडे तबकडी वाजवायचं यंत्र होतं, टेपरेकॉर्डर होता, पण दोघांना जोडणारी वायर नव्हती. म्हणून दादानं टेपरेकॉर्डर उशीवर ठेवून स्पीकरच्या तोंडाशी लावला, खिडक्या बंद केल्या आणि मला सांगितलं, "शिंकलीस तर मार खाशील." रेकॉर्डिंगचं बटण खिळखिळं झालं होतं, सोडलं की वर यायचं. ते दाबून धरायचं काम माझं होतं.

आई शेजारी गेली होती. जाताना बजावून गेली होती, "दुधाकडे बघ." आता एका हातानं बटण धरलेल्या मुलीनं दुधाकडे कसं बघावं? दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं चालू होतं, ती शांतता आली, आणि नेमकं तेव्हाच आईनं दार उघडलं. जळका वास तिला जिन्यातच आला असणार. पुढचं "बहिरे झालात का दोघं!" गिटारनी गिळलं, पण पहिले तीन शब्द स्वच्छ उमटले.

आईचा आवाज साधा नव्हता. ती कारखान्याच्या उपाहारगृहात कामाला होती. यंत्रांच्या धडधडाटावर मात करून "जेवण तयार" अशी आरोळी ठोकायची. तिनं तिसऱ्या मजल्यावरून मला हाक मारली की रस्त्यावरचा कुणीही सायकलवाला ब्रेक दाबायचा.

तबकडी संध्याकाळी परत द्यायची होती, पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. दादानं कपाळाला हात लावला. पण नसल्यापेक्षा बरी म्हणून त्याच्या मित्रांनी त्या कॅसेटच्या नकला केल्या, त्यांच्या मित्रांनी नकलांच्या नकला केल्या. पुढं कॅसेटवाल्याची तबकडी कुणीतरी ढापली, तेव्हा त्यानंही आमचीच कॅसेट घेऊन तिच्या प्रती विकल्या. अशी आई घरोघर पोचली. काही वर्षांनी खरा अल्बम दुकानात आला, तर पोरं तो परत आणून द्यायला लागली.

"खराब आहे हा. यात दूध नाही."

"अरे बाबांनो, खरा हाच आहे," कॅसेटवाला म्हणायचा.

"खऱ्यात दूध असतं. आम्हाला शिकवू नका."

या संगीताचं वेड मला तेव्हा लागलं ते लागलंच. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर कानाशी ग्राइंडर किंचाळत असतो, त्याच्यावर चढेल असं दुसरं संगीत कुठलं आहे, सांगा. इथल्या बँडचे कार्यक्रम गोदामात व्हायचे, एकही चुकवला नाही. धक्काबुक्कीत एकदा माझा पुढचा दात गेला. दुसऱ्या दिवशी मी तो माझ्याच हातानं बनवला, आणि मूळच्यापेक्षा चांगला बनवला. इथले बँड ते गाणं वाजवायचे तेव्हा शांतता जरा लांबवायचे, आणि अख्खं गोदाम आईचे तीन शब्द ओरडायचं. मी सगळ्यांत मोठ्यानं.

आईला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. तिच्या मते ते संगीत नव्हतंच, मांडणीवरून भांडी पडत होती. आपला आवाज गावभर विकला गेलाय हे कळलं असतं तर तिनं आम्हा दोघांना विकलं असतं.

मग गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. सुरुवातीला ती पाटीवर लिहून आमच्यावर ओरडायची. अक्षरं मोठी काढायची, खाली दोन-दोन रेघा मारायची. पण रागवायचं आणि समोरचा वाचेपर्यंत थांबायचं, यात मजा ती काय? हळूहळू पाटी कोपऱ्यात गेली. शेजारीण आली की आई आतल्या खोलीत जाऊन बसायची. बेल वाजली तरी दार उघडेना. घराबाहेर तर पाऊलच टाकेना. जिच्या आवाजानं रस्ता थांबायचा ती बाई भिंतीकडे तोंड करून बसलेली मला बघवत नव्हतं.

शेवटी मी तिला ती कॅसेट ऐकवली. तिचा आवाज आहे अजून, हे तिला कळावं म्हणून. तिनं ऐकलं, पाटी मागितली आणि लिहिलं, "जन्मभराचं ओरडणं. उरले तीन शब्द." आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

मी चिडले. मला रडू आलं की मी चिडते, स्वभाव आहे माझा.

"ते तीन शब्द अख्ख्या गावाला पाठ आहेत," मी म्हटलं. "ते गाणं वाजलं की सगळे ओरडतात. तुझेच शब्द, तुझ्याच चालीत."

पाटीवर आलं, "खोटं."

तो बँड पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होता. केस पिकलेले ते चौघं, जुना अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार होते. तिकिटं माझ्याकडे होतीच. "मग चल आणि स्वतः बघ."

"नाही."

"खोटं निघालं तर माझी एकूण एक कॅसेट, एकूण एक तबकडी भंगारात. तू स्वतःच्या हातानं दे."

आई वळली. तिनं माझ्या भिंतीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत अल्बम, सगळा माझा जन्म त्या फळ्यांवर. त्या जागी कपाट करायचं तिच्या किती वर्षं मनात होतं. कित्येक महिन्यांनी मी तिच्या डोळ्यांत जुनी चमक पाहिली.

"कवटीचं पोस्टर?" तिनं लिहिलं.

"तेही."

"काळे शर्ट?"

मी अंगातल्या काळ्या शर्टाकडे पाहिलं. "तेही."

"येते."

दादाला सांगितलं तर तो फोनवरच किंचाळला. "डोकं फिरलंय का तुझं? त्यांचे लाइव्ह अल्बम ऐकलेस ना? त्या शांततेत तो ड्रमर काठ्या बडवतो. शांतता ठेवतच नाहीत ते! आणि निम्मी पोरं आता मोबाइलवर ऐकतात. मोबाइलात कुठली आई?"

मला ठाऊक होतं ते. बोलून गेले होते, आता शब्द मागे घेण्याची सोय नव्हती.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आईनं गळ्याला रुमाल गुंडाळला, पाटी काखेत मारली आणि आमच्या दोघांच्या मधून ताठ चालत निघाली. आम्ही वरच्या सज्ज्यात कठड्याला लागून बसलो. खाली डोक्याला डोकं. पहिलं गाणं सुरू झालं तशी तिनं कानांत बोटं घातली. दुसऱ्या गाण्याला एक बोट काढलं. खाली एक पोरगा धक्क्यानं आडवा झाला आणि आजूबाजूच्या पाचसहा जणांनी त्याला झटकन उचलून उभा केला, कुणीतरी त्याचा बूटही शोधून दिला. आमच्यात ही रीतच आहे, पडलेल्याला आधी उचलायचं. आई बघत राहिली. मग लिहिलं, "पोरं बरी आहेत."

मला मात्र काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर ज्या बँडची वाट पाहिली तो समोर वाजवत होता आणि मी फक्त गाणी मोजत होते.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं आलं. युद्ध झालं, राख झाली, जहाज बुडालं. वाद्यं थांबली, आणि ड्रमरनं काठ्या उचलून टक-टक-टक-टक जागा भरून टाकली. खालून काहीतरी आवाज उठला, माझाही त्यात होता, पण तो त्या बडवण्याखाली चिरडला गेला आणि वरून गिटार कोसळल्या. संपलं. दादानं डोळे मिटले.

आईनं पाटी माझ्यापुढे धरली. "जिंकले."

पण ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. खांदे पडले होते. तेव्हा मला कळलं की ही बाई हरायला आली होती.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की खाली कुणी नाचत नाहीये. गिटार गरजत होत्या आणि लोक हाताची घडी घालून उभे होते, चिडलेले. मग कुठूनतरी सुरू झालं, "दूध! दूध! दूध!" टकले, पोट सुटलेले दादाच्या वयाचे लोक, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांची पोरंही. मोबाइलवर ऐकणाऱ्यांना बापांनी शिकवलं होतं! सगळं सभागृह पाय आपटायला लागलं.

बँड थांबला. चौघं एकमेकांकडे बघायला लागले. गायक वाकून पुढच्या रांगेला काहीतरी विचारू लागला. पुढच्या रांगेत कोण असावं? आमचा कॅसेटवाला! भाषा येत नव्हती, म्हणून त्या म्हाताऱ्यानं हातांनी पातेलं दाखवलं, खाली जाळ दाखवला, फेस वर-वर येताना दाखवला, आणि शेवटी दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. गायक पोट धरून हसला. मग ड्रमरपाशी जाऊन त्यानं त्याच्या हातातल्या काठ्याच काढून घेतल्या.

त्यांनी मागचं कडवं पुन्हा घेतलं. जहाज पुन्हा बुडालं. वाद्यं थांबली. ड्रमरनं रिकामे हात वर केले.

शांतता.

"दूध उतू गेलं!"

हजारो लोक. आणि चाल हुबेहूब तीच, "दूध" वर चढवलेलं आणि "गेलं" ओढून आपटलेलं, जशी जिन्यातून आलेली आई. मी बाजूला पाहिलं. आई उभी होती. एक हात कमरेवर, मान पुढे, तोंड पूर्ण उघडलेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ती ओरडत होती. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या आधी. गिटार कोसळल्या, काठ्या परत मिळाल्यावर ड्रमरनं सूड घ्यावा तसा ड्रम बडवला, कठडा थरथरला, आणि दादा माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडायला लागला. मी चिडले नाही. मी पण रडले, भोकाड पसरून रडले, आणि तशीच नाचले.

आईनं रुमालाच्या टोकानं पाटी पुसली आणि पाटीभर एकच शब्द लिहिला, "हरले." खाली दोन रेघा मारल्या.

बाहेर पडताना दारापाशी कॅसेटवाला भेटला. आईला पाहून तो जागच्या जागी थांबला.

"काकू? अहो, ऐका रे सगळे! ह्याच त्या! ह्यांचंच दूध!"

क्षणात भोवती गर्दी. काळ्या शर्टातली धिप्पाड माणसं हात जोडायला लागली, एकीनं दंडावर सही मागितली. मला वाटलं आता आई माझ्यामागे लपेल. तिनं पाटीवर लिहिलं, "दूध ठेवून आला नाहीत ना?" आणि एकेकाच्या नाकासमोर धरायला लागली. जो हसत होता त्याला पाटीनं टोलाही देत होती.

बराच वेळ झाला. दादाचे पाय दुखायला लागले. मी तिचा दंड धरला. "आई, चल आता घरी."

तिनं माझा हात झटकला आणि घाईघाईनं लिहिलं, "थांब. लोक येतायत अजून."