खालचं एक, वरचं एक

"हाही बसत नाही," मिस्त्री म्हणाले आणि दुसरा पट्टा त्यांनी पहिल्याच्या शेजारी मडगार्डवर टाकला. "पहिला लोंबतो, हा पोचतच नाही. हे इंजिन आहे तरी कुठलं?"

"काका, मला विचारताय?" सिस्टर म्हणाली. "मला माणसांचं आतलं थोडंफार कळतं. गाडीचं नाही."

तीन आठवड्यांपूर्वी तिने ही जुनी पांढरी गाडी घेतली होती. सोमवारपासून तिची नेमणूक डोंगरापलीकडच्या दवाखान्यात होती. ड्यूटी सकाळी सातची आणि तिकडची पहिली बस पोचायची दहाला. गाडी नसेल तर नोकरीवर पाणी. आज शनिवार. घराजवळच्या गॅरेजवाल्याने इंजिनाचा पट्टा चिरलेला बघून तो काढला, कचऱ्यात टाकला आणि मग नवा आणायला गेला. नवा काही बसेना. शेवटी त्याने हात वर केले. म्हणाला, "कागदावर एक इंजिन आणि आत भलतंच. भंगारात द्या, नाहीतर कानवाल्यांकडे न्या."

कानवाले म्हणजे हेच. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच नुसत्या आवाजावरून इंजिन कुठलं, किती चाललेलं आणि त्याला काय दुखतंय हे ते सांगायचे, म्हणून हे नाव पडलं होतं. पण ही गाडी दोरीने ओढत आणलेली. पट्ट्याशिवाय ती सुरू होणार नव्हती आणि सुरू झाल्याशिवाय कान काय करणार?

"एवढासा पट्टा," सिस्टर म्हणाली, "अंदाजाने घातला तर नाही का चालणार?"

"इकडे या. हे वरचं चाक दिसतंय? ते झडपा उघडतं. खालचं चाक दट्ट्यांबरोबर फिरतं. दोघांनी एका ठेक्यात फिरायचं, म्हणून मध्ये दातांचा पट्टा. ठेका चुकला की दट्टा वर येतो आणि उघड्या झडपेवर आदळतो. मग भंगारवालासुद्धा भाव करत नाही."

सिस्टरने बोट चटकन मागे घेतलं.

मिस्त्रींनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून इंजिनाच्या कुशीवरचा चिखल खरवडला. खाली ठोकलेला नंबर निघाला. त्यावर खडू घासला तसे आकडे उमटले. पहिल्या दोन अक्षरांवरून इंजिनाचं घराणं कळतं. ते त्यांनी ओळखलं, खुशीत मान हलवली आणि वरच्या भागाकडे वळले. तिथले बोल्ट मोजले आणि खुशी मावळली. वरचे बोल्ट सांगत होते की हे इंजिन दुसऱ्याच घराण्यातलं. त्यांनी पुन्हा नंबर वाचला, पुन्हा बोल्ट मोजले. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले.

"अगं, इकडे ये जरा," त्यांनी लेकीला हाक मारली. गॅरेजचं सामान आणणं, गिऱ्हाईक बघणं सगळं तीच करायची. "मला वेड लागलंय की या गाडीला, ते सांग."

तिने वाकून बघितलं. "दोघांनाही नाही. बाबा, खालचं धड एका इंजिनाचं आहे आणि वरचं डोकं दुसऱ्याचं."

"असं कोण करतं? कुण्या अर्धवटाने केलंय हे! सामान मिळालं नाही म्हणून हाताला लागेल ते बसवून मोकळा झाला. असल्यांना पाना हातात द्यायला नको."

बडबडत त्यांनी बोटं मागच्या बाजूला नेली. वरच्या डोक्याला तिथे पाण्याचं एक जादा भोक होतं, ते पितळेच्या बुचाने बंद केलेलं. बूच कानशीने घासून चौकोनी केलेलं, आणि त्याचे चारही कोपरे गुळगुळीत. मिस्त्री बोलायचे थांबले. दिसतही नाही अशा जागी एवढी मेहनत कोण घेईल?

"हात कापू नये म्हणून कोपरे मारलेत," ते सावकाश म्हणाले. "पुढच्या मिस्त्रीचा. अर्धवट नव्हता बरं का."

लेकीने टॉर्च धरला आणि बराच वेळ ती बुचाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आपल्या घरच्या टाकीला असंच बूच आहे."

"असेल. ते मीच तर केलंय."

"हेही."

"मी? मला आठवणार नाही का? मी केलेलं काम मी विसरेन?"

तिने बॉनेटच्या बिजागरीपाशी नखाने खरवडलं. पांढऱ्याखालून हिरवा रंग निघाला. "ती फोटोग्राफरची हिरवी गाडी. नऊ वर्षं झाली. आई दवाखान्यात होती तेव्हाची. तुम्ही दिवसभर इथे राबायचात आणि संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसायचात. पंधरा दिवस या गाडीशी झटत होतात. मी डबा आणायची, तो तुम्ही तसाच परत पाठवायचात."

मिस्त्रींनी इंजिनाकडे बघितलं. हिरवी गाडी आठवेना. फोटोग्राफर आठवेना. त्या महिन्यांतलं त्यांना आठवत होतं ते एवढंच, की खाटेशेजारच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता.

"पट्टा कुठला घातला होता मी?" त्यांनी लेकीला विचारलं. लहान मूल विचारतं तसं.

"ते मला कसं माहीत असणार, बाबा?"

सिस्टरने बाजूचं स्टूल पुढे सरकवलं. मिस्त्री बसले. थोड्या वेळाने त्यांनी सुतळी मागितली.

त्यांनी दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवल्या. परक्या माणसाचं काम तपासावं तसे वरच्या चाकाचे दात मोजले, मग खालच्याचे. सुतळी दोन्ही चाकांभोवती आणि ताण देणाऱ्या चाकावरून फिरवली, गाठ मारली, फुटपट्टीवर ताणली. लेकीने आकडेमोड केली, त्यांनी पुन्हा करायला लावली. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं. तेवढ्या दातांचा पट्टा कुठल्याच गाडीला लागत नव्हता, पण पिठाच्या चक्कीला लागणारा एक होता. लेक स्कूटर घेऊन गेली आणि तासाभराने तो घेऊन आली.

पट्टा बसला, जणू त्याची तिथे रोजचीच जागा होती. मिस्त्रींनी इंजिन आधी पाना लावून हाताने दोन फेरे फिरवलं. कुठे अडलं नाही. मग चावी.

"काका, काय सांगतोय आवाज?" सिस्टरने विचारलं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "ओळखीचा नाही," ते म्हणाले. "पण निरोगी आहे. सोमवारी बिनघोर जा. महिन्याभराने पट्टा बघायला आणायची मात्र."

मग त्यांनी रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेतला. बॉनेटच्या आतल्या बाजूला धड कुठलं, डोकं कुठलं, पट्टा किती दातांचा, असं सगळं ठळक अक्षरांत लिहिलं.

"हे डोकं बसवलं कधी, तेही लिहा," लेक म्हणाली.

"कुठला महिना होता तो?"

तिने सांगितला. मिस्त्रींनी महिना लिहिला, वर्ष लिहिलं. बॉनेट त्याच्या दांडीवर नीट टेकलेलं होतं. तरी रंग वाळेपर्यंत ते एका हाताने त्याला आधार देऊन उभे राहिले.