रिंगणाखालची कुजबुज

"ऐका," अतुलदादा म्हणाले, आणि इंग्लंडातल्या हॅरो-स्लाऊहून आलेल्या तीस-पस्तीस मराठी माणसांनी श्वास रोखून धरला.

ट्युनिशियातलं ते गाव एवढंसं. चार गल्ल्या, एक मशीद, कॉफीच्या दुकानाबाहेर डाव मांडून बसलेले म्हातारे, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर उभं असलेलं रोमन लोकांचं प्रचंड दगडी ॲम्फिथिएटर. फेब्रुवारीतल्या त्या ढगाळ दुपारी आत दुसरं चिटपाखरू नव्हतं. मधल्या रिंगणात, जिथे एके काळी माणसांना जनावरांपुढे सोडत, तिथे ही मंडळी वाळूत गुडघे टेकून बसली होती. समोर जमिनीत टोपलीएवढं चौकोनी भोक होतं. त्याच्या खाली जनावरं कोंडायचं भुयार, आणि भोकातून गार, कुबट वारा वर येत होता.

"हे ॲरीना नाही," दादा म्हणाले. "हे पितृलोकाचं रिसेप्शन आहे! इथे इतकं ब्लड सांडलंय, की दोन वर्ल्ड्समधला पडदा कायमचा थिन झालाय. आपली फ्रीक्वेन्सी मॅच झाली, की कनेक्शन लागतं."

अतुलदादा काही वर्षांपूर्वीपर्यंत स्लाऊमध्ये भाड्याची घरं दाखवत हिंडायचे. आता शाल पांघरून परलोक दाखवत होते. बोलण्याची पद्धत तीच राहिली होती, फक्त जागा बदलली होती. पण कनेक्शन लागत होतं, हे मात्र नाकारता येत नव्हतं. एकेक जण पुढे होऊन भोकाला कान लावायचा आणि खालून खरोखरच कुजबुज यायची. कुणाचं घरातलं नाव, कुणाच्या बहिणीचं आजारपण. ऐकणारा ओक्साबोक्शी रडायचा आणि मग खिशातली औषधं भोकात टाकायचा.

"औषध म्हणजे डाउट," दादा सांगत. "डाउट खाली टाका!"

स्लाऊच्या एका गृहस्थांनी आदल्या दिवशी दम्याचा पंप टाकला होता. सकाळपासून त्यांच्या छातीतली शिट्टी सगळ्या कोचबसला ऐकू येत होती, आणि ती आजार बाहेर पडत असल्याची खूण आहे, असं दादांनी जाहीर केलं होतं. औषध सोडलेल्या माणसाला पुढे दादांना सोडता येत नाही. हे दादांना पक्कं ठाऊक होतं.

वरदा गर्दीपासून दूर, प्रेक्षकांच्या दगडी पायरीवर आईशेजारी बसली होती. आईची पाळी शेवटी होती. वरदाचे वडील, डॉक्टर शशिधर, ऑक्टोबरमध्ये गेले. तेव्हापासून प्रमोदिनीबाईंनी ताट एकाचंच वाढायचं, हे काही मनाला शिकवलं नव्हतं. कुणीतरी त्यांना दादांच्या सत्संगाला नेलं आणि तिथून त्या थेट या सहलीच्या कोचमध्ये. वरदा प्रायमरी शाळेत शिकवायची. हाफ-टर्मची सुट्टी होती आणि आईला एकटं सोडायचा धीर होत नव्हता, म्हणून ती बरोबर आली.

आणि आल्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं, निदान काल तरी. काल तिनेही आईच्या शेजारी आडवं होऊन भोकाला कान लावला होता. "प्रमोदिनी, माझी आवाज येते ना?" कुणीतरी खालून कुजबुजलं होतं. "आता औषध सोड. रडू नको. मी इथून तुझा काळजी घेतो." कुजबुजीत सगळ्या पुरुषांचा आवाज सारखाच लागतो, हे वरदाला एरवी सुचलं असतं. त्या क्षणी सुचलं नाही. ते शब्द सरळ काळजात गेले, कुठेही अडखळले नाहीत, आणि चाळिशीला आलेली ही बाई लहान मुलीसारखी रडली.

आज दुपारी निघताना मात्र तिने हॉटेलातला फ्रिज उघडला. प्रमोदिनीबाईंना तरुणपणापासून मधुमेह, तोही इन्सुलिनशिवाय न चालणारा. फ्रिजमध्ये इन्सुलिनची पेनं नव्हती.

"आई, इंजेक्शन घेतली का?" तिने आता विचारलं.

"घेतलं," आई म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याची आणखी एक बाटली तोंडाला लावली. सकाळपासून त्या पाणीच पीत होत्या. ओठ तरीही सुकलेले. श्वास खोल आणि जड चालला होता, आणि त्याला पिकून उतरलेल्या फळाचा वास येत होता. तो वास साखर जीवघेणी चढल्याचा, हे वडिलांनी वरदाला लहानपणीच शिकवून ठेवलं होतं.

"खोटं नको बोलू. फ्रिजमध्ये काहीच नाही."

"काल तू रडत होतीस, तेव्हा टाकली खाली," आई शांतपणे म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं म्हणून."

वरदाने पर्समधून जादा ठेवलेलं पेन काढलं. "हे घे. राइट नाऊ."

आईंनी तिचा हात दूर केला. "तुझ्या बाबांचं मी आयुष्यभर ऐकलंय. आता शेवटचं नको ऐकू?"

रिंगणात कुणीतरी हुंदका दिला. रिकाम्या पायऱ्यांवरून तो फिरत फिरत परत आला. ढग आणखी खाली उतरले होते. आपली आई इथे, या जनावरांच्या वाड्याच्या डोक्यावर, आपल्या डोळ्यांदेखत मरणार आहे आणि मरताना आनंदात असणार आहे, असं वरदाला स्वच्छ दिसलं. तिचा बांध फुटला.

"आई, प्लीज! यू कुड डाय! तुला कळत का नाही? मला तुझा काळजी वाटतो!"

"तुझी," आई म्हणाल्या. "तुझी काळजी वाटते. काळजी ती."

आता हे सांगायला हवं, की या घरात ही दुरुस्ती रोजच्या जेवणासारखी होती. वरदाचा जन्म हॅरोचा. मराठी शब्द तिच्याकडे खंडीभर होते, पण कुठला तो, कुठली ती आणि कुठलं ते, याचा आयुष्यभर घोळ. डॉक्टर शशिधर हातातला घास ताटात ठेवून तिला दुरुस्त करत. ते नसले, की प्रमोदिनीबाई करत. त्या तर हॅरोत दर शनिवारी मराठीची शाळाच चालवायच्या.

वरदा पुढचं बोलायला गेली आणि तोंड उघडं ठेवून थांबली.

"आई. बाबा काल काय म्हणाले?"

आईंनी पाण्याची बाटली पुन्हा उघडली.

"मी तुझा काळजी घेतो. असंच म्हणाले ना? तुझा?"

"लांबून येतं ते बोलणं," आई म्हणाल्या. त्यांची बोटं कार्डिगनच्या बटणाशी चाळा करत होती. "वाटेत शब्द मोडत असतील."

"हॉस्पिटलमध्ये, लास्ट वीकमध्ये, मी काहीतरी चुकले, तर त्यांनी ऑक्सिजनची मास्क काढला आणि मला करेक्ट केलं! मास्क काढून, आई! ते असं बोलतील?" वरदा आईच्या पुढ्यात येऊन बसली. "मला काल ते राँग वाटलंच नाही, कारण मी पण असंच बोलते. तो बाबा नाही. तो आमच्यासारखा तिकडे बॉर्न झालेला कोणीतरी आहे."

तिच्याखेरीज असा एकच जण या सहलीत होता आणि आत्ता इथे नव्हता. दादांचा भाचा नकुल, स्लाऊमध्ये जन्मलेला, वाढलेला. पोट बिघडलंय म्हणून तो कालपासून हॉटेलात पडून आहे, असं सांगितलं जात होतं. आणि दादांची बायको नीना, जी कोचमध्ये चिवड्याचा डबा फिरवत प्रत्येकाला घरच्या माणसांबद्दल मायेने विचारायची, ती तिकडे बाजूला बसून मोबाइलवर सारखं टाइप करत होती. सेशन रेकॉर्ड करते म्हणे.

प्रमोदिनीबाईंनी भोकाकडे पाहिलं. मग दगडाला हात टेकून उठल्या. त्यांचा तोल गेला, वरदाने सावरलं.

"भुयाराचा जिना कुठे आहे?"

"त्या टोकाला. दादांनी खाली जायचं नाही सांगितलंय."

"तू जा," आई म्हणाल्या. "मी त्या आवाजाला बोलतं ठेवते."

जिना उतरताना वरदाची पाचावर धारण बसली होती. खाली दोन्ही बाजूंना जनावरांच्या अंधाऱ्या कोठड्या. पावलांचा आवाज भिंतीला लागून मागूनच कुणीतरी येत असल्यासारखा ऐकू येत होता. पुढे एका कोठडीत वरून उजेडाचा चौकोन पडला होता. त्या उजेडाच्या कडेला, पाठ करून, एक तरुण उभा होता. योगासनांची निळी चटई गुंडाळून तिचं त्याने नळकांडं केलं होतं आणि त्याचं एक टोक वरच्या भोकाकडे रोखलं होतं. दुसऱ्या हातात उजळलेला मोबाइल. पायांशी गोळ्यांच्या पट्ट्यांचा खच, दम्याचा निळा पंप आणि आईची इन्सुलिनची पेनं. एक टाचेखाली चिरडलेलं होतं.

वरून आईचा आवाज आला. थकलेला, पण शनिवारच्या वर्गातला.

"अहो, उद्या नैवेद्याला काय करू तुमच्यासाठी?"

नकुलने मोबाइलवर नजर टाकली आणि नळकांडं तोंडाला लावलं. "मला चहा कर. चांगली गरम चहा. आणि ताजा पोळी."

"जरा मोठ्याने बोला. सगळ्यांना ऐकू दे. जवळ या हो सगळे! आणखी काय करू?"

"तुझा हातचा आमटी," भुयार घुमलं. "आणि थोडी लोणचं."

वर कुणीतरी वयस्कर बाई "अगंबाई!" म्हणाली आणि कुणालातरी खुदकन हसू फुटलं.

"चांगला चहा," आई सावकाश म्हणाल्या. "ताजी पोळी. माझ्या हातची आमटी. थोडं लोणचं. शशिधरांचं व्याकरण असं एकाएकी जायचं नाही. कोण आहेस रे बाळ तू?"

नकुल वळला. वरदाला पाहून त्याच्या हातातली चटई गळून पडली. तिने त्याची बाही धरली आणि त्याला ओढत उजेडाच्या चौकोनात आणून उभं केलं.

"वर बघ."

त्याने वर पाहिलं. भोकाभोवती गोळा झालेले चेहरे खाली पाहत होते. परलोकाचं सगळं यंत्र त्यांना एका नजरेत दिसलं. जनावरांना वरून मांस टाकायला ठेवलेलं अरुंद दगडी धुरांडं. त्यातून आवाज सरळ वर चढतो, आणि दगडांत घुमल्यामुळे कुठून येतो ते कळत नाही. चटईचं नळकांडं. आणि मोबाइल, ज्यावर नीना कोचमध्ये गोळा केलेली माहिती पाठवत होती. मृतात्म्यांना एवढंच सामान पुरलं होतं.

"आत्मा मीडियम शोधतो!" अतुलदादा वर ओरडत होते. "नकुलच्या थ्रोटमधून तेच बोलत होते! तुमची फ्रीक्वेन्सी लो होतेय!"

कुणी त्यांच्या अंगावर धावून गेलं नाही. स्लाऊचे ते गृहस्थ पालथे पडले, त्यांनी भोकात हात घातला आणि कसाबसा श्वास ओढत ते म्हणाले, "पंप. माझा पंप दे, पोरी." मग एकदम कितीतरी हात खाली आले. माझ्या बीपीच्या गोळ्या. माझी थायरॉइडची बाटली. दादा हातवारे करत बोलतच राहिले, पण त्यांच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. नीना तोवर कोचकडे चालू लागली होती.

वरदा धापा टाकत वर आली, तेव्हा आई वाळूत बसल्या होत्या. मीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं. साखर मोजण्यापलीकडे गेली होती. आईंनी काही न बोलता पोटावरची साडी सरकवली. वरदाने इंजेक्शन दिलं आणि पहिल्या टॅक्सीत घालून त्यांना जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. अजून अर्धा दिवस गेला असता तर सांगता येत नव्हतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सलाइन सुरू झालं. आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. वरदा त्यांचा हात धरून बसली होती.

"मला कालच कळलं होतं," आई अचानक म्हणाल्या.

"काय?"

"पहिल्याच वाक्याला. माझी आवाज, म्हणाला तो. इतकी वर्षं मुलांना शिकवतेय मी, मला नाही का कळणार?" त्या छताकडे पाहत होत्या. "पण म्हटलं, चुकीचं का होईना, बोलतायत ना. दुरुस्त केलं, तर गप्प बसतील."

वरदाने आईच्या हातावर डोकं टेकवलं.

"ते गेले, वरदा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. ऑक्टोबरपासून हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. मग त्या रडल्या, खूप रडल्या, आणि नर्स रक्त तपासायला आली तेव्हा त्यांनी स्वतःच हात पुढे केला.

भोंदू माणसाला फार अक्कल लागत नाही, हे आता वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. एक भोक, एक चटई आणि चिवडा खाता खाता काढून घेतलेली चार माणसांची माहिती, एवढं त्याला पुष्कळ होतं. उरलेलं काम आपण करतो. त्याची चूक आपल्याला ऐकू येते आणि आपणच ती गिळतो, कारण आपलं माणूस आपल्याला परत हवं असतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ती गिळलेली चूक जीव घेते. तेव्हा सांगणं एवढंच, की चूक ऐकू आली तर तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. मग समोर दादा असोत, देव असो, नाहीतर आपलं सगळ्यांत लाडकं गेलेलं माणूस असो.